गादी गिऱ्हाइकाची

मला कुणी उचललेलं खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सोळा वर्षांपूर्वी भाताच्या पेंढ्याच्या उडवीवरून मी पाठीवर पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीत आहे. पण आमच्या कर्जतकडच्या माणसांना खुर्ची दिसतच नाही, त्यांना फक्त अडलेली बाई दिसते, आणि ती दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. बँकेची पायरी असो नाहीतर एसटीचा दरवाजा, मागून कुणीतरी म्हणतंच, "उचला रं ताईला." विचारायची पद्धत नाही. एकदा एका लग्नात चौघांनी मला खुर्चीसकट उचललं आणि थेट स्टेजवर नवरीच्या शेजारी नेऊन ठेवलं. मला जेवायला जायचं होतं.

माणसं वाईट नाहीत. डोंगरावरच्या वाडीतून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणायची ज्यांच्या खांद्यांना पिढ्यानपिढ्या सवय, ती माणसं उचलणारच. तरी मला राग येतो तो येतोच. हवेत लोंबकळताना माणसाला स्वतःचं काही म्हणणं राहत नाही.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कधी उचललं नाही. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी भावानं आणि शेजाऱ्यांनी मला ओटीवर चढवलं, तेव्हा आबा अंगणातच उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायऱ्या फोडल्या आणि मातीचा उतार घातला. चांगला धुमसून, वर शेण सारवून. भाऊ म्हणाला, "आबा, मी हाय ना उचलायला." तर म्हणाले, "उचलायचं ते शेवटी, चौघांनी. तवर चाक हाय."

चाकाचं त्यांना कळायचं. तीस वर्षं त्यांनी माथेरानला हातरिक्षा ओढली. वर मोटारी जात नाहीत, तेव्हा पाहुण्यांना घोड्यावर नाहीतर हातरिक्षात बसून फिरावं लागतं. एका रिक्षाला तीन माणसं. एक पुढं दांड्यात, दोघं मागं. चढावर मागचे रेटतात. उतारावर पुढचा पाय रोवतो आणि मागचे अंगाचा भार मागं टाकून गाडी अडवून धरतात. आबा पुढचे होते. पुढच्यानं रस्ता बघायचा आणि मागच्यांना ओरडून सांगायचं. उतार संपून गाडी सरळ रस्त्याला लागली की पुढचा म्हणतो, "येऊ दे." मग मागचे हात सैल करतात. लहानपणी आम्हाला घरातसुद्धा हे ऐकायला लागायचं. आई हंडा घेऊन उंबऱ्यातून आत यायला लागली की आबा आतून म्हणायचे, "येऊ दे."

त्या धंद्याचे त्यांचे दोन नियम होते आणि ते त्यांनी धंदा सुटल्यावरही सोडले नाहीत. एक म्हणजे गिऱ्हाइकाला पाठमोरं न्यायचं नाही. ज्याला पुढचा रस्ता दिसत नाही तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस गाडीत हलतो. दुसरा नियम गादीचा. गादी गिऱ्हाइकाची. ओढणाऱ्यानं तिच्यावर बसायचं नाही, गाडी रिकामी असली तरी नाही, पाऊस पडत असला तरी नाही. रिक्षा स्टँडला लागली की ही माणसं तिच्या शेजारी जमिनीवर उकिडवी बसायची. आई एकदा त्यांना म्हणाली होती म्हणे, की कुणी बघत नाहीये, बसा जरा माझ्याजवळ. आईला त्यांनी गादीवर बसवून दोनशे पावलं ओढलं, पण स्वतः काही बसले नाहीत. हे आईच सांगायची, आणि सांगताना तिला राग यायचा. आई गेली तरी तो राग गेला नसेल.

मी खुर्चीत आले तेव्हा आबा माथेरान सोडून खाली आले होते, शेती बघत होते. सरकारी शिबिरात मिळालेली साधी लोखंडी खुर्ची. रेक्झिनची बैठक, पुढं दोन छोटी चाकं, मागं दोन मोठी, आणि मोठ्या चाकांना बाहेरून हातानं फिरवायचं कडं. त्या कड्याला मी फार हात लावलाच नाही. आबा लावू द्यायचे नाहीत. ढकलायला असलेल्या मागच्या मुठींना त्यांनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, आसाला एक दोर बांधला उतारासाठी, आणि उभे राहिले माझ्या मागं. ते सोळा वर्षं तिथंच होते. मी शिवणकाम करते. ब्लाउजांचं कापड आणायला, मशीनचा पट्टा बदलायला, मतदानाला, जत्रेला, जिथं जाईन तिथं मागून आबांचा आवाज. "खड्डा हाय पुढं." "हात आत घे." "म्हैस हाय, थांब जरा." भाऊ म्हणायचा, आबा, तुमी थकलात, मी ढकलतो. आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

थकले होते हे खरं. ऐंशीला टेकले होते. त्यांना दम लागतो हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं, कारण तो माझ्या मानेवर लागायचा. कर्जतच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदय मोठं झालंय, चढ चढायचा नाही, ओझं ओढायचं नाही. आबांनी मान हलवली. घरी आल्यावर ओटीवर बसून डोंगराकडं बघत राहिले. आमच्या अंगणातून माथेरानचा डोंगर दिसतो, रोजच दिसतो. मी म्हटलं, "काय बघताय?" तर म्हणाले, "खालून दिसतो तो काय डोंगर नाय. ती भिंत. डोंगर बरोबरीनं बघायला पायजे. एकदा बघायचा होता."

आता माथेरानला जाणं काही अवघड नाही. गाडी नाक्यापर्यंत जाते. पुढं चालवत नसेल तर रिक्षा आहे, हल्ली बॅटरीवरच्याही आल्यात म्हणतात. भाऊ म्हणाला, चला, मी नेतो, रिक्षात बसवतो. आबा असे बघत राहिले, की भावानं विषय पुन्हा काढला नाही. ज्या रस्त्यावर तीस वर्षं ओढलं त्या रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवावर बसून जायचं, हे त्यांना मेले तरी जमणार नव्हतं. म्हणजे पायानं जाता येत नाही आणि गादीवर बसायचं नाही. मला त्यांचा संताप यायचा. त्यांचाच हट्ट माझ्यातही उतरलाय हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

अशात खालापूरकडं डोंगरावर एक मोठं करमणुकीचं पार्क निघालं होतं, त्यांनी आजूबाजूच्या गावांना एक दिवस बोलावलं. पार्क वर पठारावर. खाली गाड्या लावायच्या आणि वर जायचं ते तारेवरच्या डब्यातून. पार्कवाले त्याला गोंडोला म्हणतात, आमच्याकडं सगळे पाळणाच म्हणतात. गावातला एकजण आधी जाऊन आलेला. तो पारावर सांगत होता, अर्ध्यात गेलं की सगळा मुलूख दिसतो, इर्शाळ, प्रबळ, माथेरान, सगळे डोंगर समोरासमोर.

समोरासमोर हा शब्द आबांनी ऐकला. घरी येऊन मला म्हणाले, "तुला जायचंय का तिकडं?"

मी काय ते समजले. म्हटलं, "जायचंय ना. पण मला कोण ढकलणार?"

"मी हाय," आबा म्हणाले.

खरं सांगायचं तर मला त्या पार्कात काही रस नव्हता. मला एकच हवं होतं, आबांनी तो डोंगर एकदा बरोबरीनं बघावा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. ते आबांना ठाऊक नव्हतं, किंवा असेलही.

गावचा टेंपो निघाला. खुर्ची दोरानं फाळक्याला बांधली, आबा माझ्यामागं उभे. बाकीचे सगळे बसले होते. चौक गावाच्या पुढं त्यांचे पाय थरथरायला लागले ते मला खुर्चीच्या मुठींमधून कळलं. मी बसा म्हटलं नाही, कारण बसले नसते. पार्काच्या दारात रखवालदारानं आसाचा दोर सोडवून ठेवून घेतला. दोर आत न्यायचा नाही असा नियम. आबा म्हणाले, "उताराला काय करू मग?" तो म्हणाला, "आजोबा, उतार नाहीच, सगळं सिमेंट." आबांना ते पटलं नाही.

पाळण्याच्या स्टेशनात मोठ्ठं चाक फिरत होतं आणि त्याला वळसा घालून डबे येत होते. ते थांबत नाहीत. फलाटाला लागून गोगलगायीच्या चालीनं सरकत राहतात, दरवाजे उघडतात, माणसं चढतात, दरवाजे मिटतात आणि डबा बाहेर उचलला जातो. गावची माणसं हसत, एकमेकांना ढकलत चढत होती. आमची पाळी आली तशी गणवेशातला एकजण पुढं झाला आणि खुर्चीकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाला, "ताईंना उचलून बाकावर बसवू, खुर्ची घडी करून मागच्या डब्यात येईल."

मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

तो दचकला. मागं रांगेतल्या आमच्याच गावच्या कुणीतरी हौसेनं विचारलं, "उचलू का गं?" मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग यंत्रापाशी उभी असलेली बाई आली. पस्तीस-चाळिशीची, खालापूरच्याच बाजूच्या गावची, बोलण्यावरून कळत होतं. तिनं वीत टाकून खुर्चीची रुंदी मोजली आणि म्हणाली, "जाईल की. एका डब्यात एका बाजूचं बाक वर करून भिंतीला लावलंय, खुर्चीसाठीच. पण ताई, पाठमोरं घ्यायला लागेल. मोठी चाकं आधी. डब्यात नि फलाटात चार बोटांची फट हाय, छोटी चाकं अडकतात तिच्यात."

"पाठमोरं नाय," आबा म्हणाले.

"आजोबा, फट हाय."

"गिऱ्हाइकाला पाठमोरं नेत नाय आमी."

बाईला काय कळणार. तिला वाटलं म्हातारा विनोद करतोय. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. चारचौघांत आबांना शिकवायचं कसं, असं वाटलं, आणि ती माझी चूक झाली. बाक उचललेला डबा आला. बाईनं तार आणखी मंद केली. आबांनी मुठी धरल्या आणि तोंड पुढं करून मला आत घातलं.

पुढची छोटी चाकं डब्यात गेली. मोठी अजून फलाटावर. डबा सरकतच होता, म्हणजे माझे पाय एका बाजूला चालले आणि पाठ जागच्या जागी राहिली. खुर्ची फिरायला लागली. आता कुणीही दुसरं असतं तर त्यानं एक जोराचा धक्का मारला असता आणि मी आत गेले असते. आबांच्या हाताला मात्र एकच गोष्ट कळली, की चाकाखालची जमीन चाललीय. तीस वर्षं त्यांच्या लेखी त्याचा एकच अर्थ होता, उतार. त्यांनी पाय रोवले आणि अंगाचा सगळा भार मागं टाकला. मागच्या माणसानं करायचं ते त्यांनी अगदी बरोबर केलं. छोटी चाकं मागं ओढली गेली आणि फटीत पडली. मी पुढं झुकले, डब्याच्या दांड्याला धरलं, खुर्ची कलली. बाईनं लाल बटण दाबलं. सगळी तार जागच्या जागी थांबली आणि वर आमच्या गावची माणसं डब्यांत लोंबकळत राहिली.

दोघातिघांनी धावून खुर्ची मागं ओढली. मला काही लागलं नव्हतं. मी वळून बघितलं तर आबा फलाटावर बसले होते. उकिडवे, माझ्या चाकाच्या शेजारी, रिक्षाच्या स्टँडवर बसायचे तसे. दम लागला होता. खुर्चीच्या मुठी सुटल्या होत्या पण हात अजून तसेच आवळलेले.

एक साहेब आले. आवाज चढवला नाही त्यांनी, तेवढं खरं. म्हणाले, ताईंना आमचा माणूस घेऊन जाईल, पण आजोबांना सोबत पाठवता येणार नाही. सोबतीच्या माणसानंच खुर्ची अडवली तर अवघड आहे.

आबा खालूनच म्हणाले, "तू जाऊन ये. मी हितं बसतो."

"मी कशाला जाऊ? माझं काय हाय तिकडं?"

"बघून ये. मला सांग कसा दिसतो."

तेव्हा माझं डोकं फिरलं. साहेब, ती बाई, रांगेतली सगळी माणसं ऐकत होती, ऐकू देत. मी म्हटलं, "आबा, सोळा वर्षं तुमी माझ्यामागं हाय. बाजारात मागं, दवाखान्यात मागं. मला तुमचा आवाज येतो, तुमचा दम लागतो, पण रस्त्यानं जाताना तुमचं तोंड मी एकदा बघितलं नाय. लोकांची पोरं बापाच्या बरोबरीनं चालतात. मला समोर बसलेले पायजेत तुमी. आज तुमी गिऱ्हाईक."

 आबा हळूच म्हणाले, "मी बसलो तर तुला कोण घेणार आत?"

"मी घेते मला."

हे बोलून तर गेले. पण मी स्वतःला आजवर स्वयंपाकघरापासून मशीनपर्यंत नेलं होतं, बस्स. माझे तळहात सुई धरणारे, मऊ. मी त्या बाईकडं बघितलं. म्हटलं, "तार पुरी थांबवशील का? मोठी चाकं आधी घेते, तू म्हणालीस तशी."

तिनं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं आणि मान हलवली. बाई म्हणाली, "बाक उचललेला डबा फिरून परत येऊ दे, की थांबवते. घाई करू नका."

तार पुन्हा सुरू झाली, आम्ही थांबलो. डबे येत होते, जात होते. आबा उठून भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, टोपी नीट केली. मग तो डबा आला, दरवाजे उघडले आणि सगळं यंत्र एक सुस्कारा सोडून गप्प झालं.

मी पाठ केली डब्याकडं. चाकांची दोन्ही कडी धरली आणि मागं ओढली. मोठी चाकं फटीच्या काठाला जाऊन अडली. पुन्हा ओढली, पुन्हा अडली. कुणाचा तरी हात पुढं आलेला डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसला आणि बाईनं तो अडवला, हेही दिसलं. आबा समोर भिंतीपाशी. त्यांचे हात खिशात कोंबलेले. मी थोडी पुढं आले, जरा वेग घेतला, अंग मागं टाकलं. हो, आबांनी टाकलं होतं तसंच. चाकं धाडकन आत गेली आणि पाठोपाठ छोटी चाकं फटीवरून उडी मारून आली. हाताची साल निघाली होती. मी खुर्ची वळवून पाठ बाक उचललेल्या भिंतीला लावली, दोन्ही ब्रेक लावले आणि म्हटलं, "चला."

आबा आत आले आणि समोरच्या बाकापाशी उभे राहिले. बाक निळं, गुळगुळीत. त्यांनी त्याच्यावरून एकदा तळहात फिरवला. बाई बाहेरून म्हणाली, "आजोबा, बसल्याबिगर दार लागणार नाय." मग ते बसले. अगदी कडेला, पाठ न टेकता, आणि हातांचं काय करायचं ते न कळून ते गुडघ्यांवर ठेवले.

डबा स्टेशनातून सुटला तेव्हा एक हिसका बसला आणि आबांचे हात आपोआप पुढं आले, माझ्या मुठी धरायला. मुठी माझ्या पाठीमागं, भिंतीला लागून. हात तसेच हवेत राहिले, मग परत गुडघ्यांवर गेले.

माझं तोंड डोंगराच्या चढाकडं होतं. मला समोर दिसत होतं ते करवंदीचं रान, तार आणि आबा. मुलूख सगळा माझ्या पाठीशी. आबांना माझ्या डोक्यावरून दिसत होता. भाताची खाचरं, नदी, एक्सप्रेस हायवे, त्याच्या पलीकडं डोंगर. मला वळून बघता आलं असतं. मी वळले नाही.

मी आबांचं तोंड बघत होते. केवढे म्हातारे झाले होते. गालाची हाडं वर आलेली, डोळ्यांच्या कडा पांढरट. डाव्या भुवईत एक जुनी खूण होती ती मी विसरलेच होते. लहानपणी तिच्यावर बोट फिरवायचे मी. डबा चढत गेला तशी त्यांची नजर वर वर येत गेली, आणि मग एके ठिकाणी ती चढायची थांबली. सरळ झाली. तेव्हा मला कळलं की माथेरान आलं.

 त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, "ती झाडी दिसते ना, तिच्या मागं आमचा स्टँड."

"हं," मी म्हटलं.

"तिथनं पुढं उतार हाय. लई वाईट."

"हं."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पुसले नाहीत. मी त्यांना रडताना आई गेली तेव्हाही बघितलं नव्हतं. तेव्हाही बहुतेक ते माझ्या मागंच उभे असतील.

"पुढच्याला तीन पावलांचा रस्ता दिसतो," ते म्हणाले. "मान खाली असती. तीस वर्षं तिथं होतो पण मी काय बघितलं नाय गं. असं दिसतं व्हय बसणाऱ्याला."

आणि मग त्यांनी पाठ टेकली.

वरचं स्टेशन आलं. दारात उभ्या असलेल्या माणसाला खालून फोन आला असणार, कारण तार आपणहून थांबली. तो म्हणाला, "आजोबा, आधी तुम्ही." आबा उतरले आणि सवयीनं माझ्यामागं यायला वळले, पण माझ्यामागं तर भिंत. आत शिरायला जागाच नव्हती. मी खुर्ची दाराकडं वळवली. ते फलाटावर उभे राहिले, माझ्या समोर, दोन पाय रोवून. त्यांनी फट बघितली, इथं ती बोटभरच होती, माझी चाकं बघितली, उजवं जरा वाकडं होतं ते सरळ करायला बोटानं खुणावलं. मग दोन्ही हात पसरून म्हणाले, "येऊ दे."

मी ब्रेक सोडले आणि आले.

वर आम्ही चहा घेतला आणि खाली आलो. उतरताना आबा न सांगता बसले. गावात त्यांनी डोंगराचं कुणाला काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की ही आता स्वतः जाते, हिला कुणी हात लावू नका. त्यानंतर ते माझ्या बाजूनं चालायचे. हळू चालायचे, मीही हळूच जायचे, माझे हात भरून यायचे. मुठी मोकळ्या असायच्या. कधीकधी ते नुसता एक हात त्यातल्या एकीवर ठेवायचे, आधारासाठी. तेव्हा कोण कुणाला नेतंय हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

ते वर्ष त्यांनी पुरं केलं नाही. भात झोडून झाला आणि एके सकाळी ओटीवर, डोंगराकडं तोंड करून बसल्याजागी गेले.

आमच्याकडं बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले. कुणी अडवलं नाही, माझ्या तोंडाकडं बघून कुणाची हिंमत झाली नसावी. चौघांनी आबांना उचललं. पुढं भाऊ आणि चुलतभाऊ, मागं गावचे दोघं. सगळा रस्ता मी माझ्या हातांनी त्यांच्यामागं गेले. गावाबाहेर नदीकडं उतरणारी वाट फार वाईट आहे. सगळा मुरूम, पाय ठरत नाही. उताराला लागल्याबरोबर पुढचे दोघं घसरायला लागले, तिरडी पुढं कलली आणि मागचे, बिचारे, भीतीनं आणखी पुढं रेटायला लागले.

मी मागून ओरडले, "थांबा."

सगळे थांबले.

"पुढच्यांनी पाय रोवा. मागच्यांनी रेटू नका. अंग मागं टाका, अडवून धरा त्यांना."

भावानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग त्यानं पाय रोवले. मागच्या दोघांनी अंगाचा भार मागं टाकला आणि आबा सरळ झाले. त्या उतारावरून त्यांना अगदी सावकाश खाली नेलं. मी वरती चाकांची कडी धरून थांबले होते. खाली वाळूत पाय लागल्यावर भाऊ उभा राहिला.  वर माझ्याकडं बघून तो म्हणाला, "येऊ दे."